जो आधी बोलेल तो हरला

पप्पा नांदेडच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. निरोप समारंभाच्या मेसेजखाली त्यांनी एक ओळ टाकली होती : "कृपया हार-तुरे, शाली आणू नयेत. पुस्तके द्यावीत." मोठे साहेब असंच लिहायचे, म्हणून पप्पांनीही लिहिलं. रोजचा पेपर आणि सरकारी परिपत्रकं सोडली, तर पप्पांनी आयुष्यात काही वाचलेलं मला आठवत नाही. पण कचेरीतल्या लोकांनी ती ओळ मनावर घेतली आणि बसस्टँडजवळच्या दुकानात काउंटरवर जी रचून ठेवलेली असतात, ती पुस्तकं उचलून आणली.

समारंभ झाल्यावर आम्ही पोतं उचलावं तशी पिशवी ऑटोत टाकली. घरी येऊन उघडली तर कथा नाही, कादंबरी नाही, देवाधर्माचंही काही नाही. यशस्वी कसं व्हावं. हाताखालच्या माणसांकडून काम कसं काढून घ्यावं. कुणालाही काहीही कसं विकावं. वाटाघाटी कशा जिंकाव्यात. एक पुस्तक तर तीनदा आलं होतं. ज्या माणसाला उद्यापासून कचेरीत जायचं नव्हतं, त्याला सगळ्या कचेरीने मिळून वर कसं चढायचं ते शिकवायचं ठरवलं होतं.

त्यातल्या बऱ्याच पुस्तकांवर टाय बांधलेला एक माणूस डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा होता. आईने एक पुस्तक हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

"ह्याला टाय घालून डोंगरावर कुणी पाठवलं?" ती म्हणाली. "पाय घसरला म्हणजे?"

पहिले काही दिवस पिशवी दिवाणाखाली पडून होती. पप्पा सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसायचे आणि मोबाइल समोर ठेवायचे. नोकरीत असताना जेवताना, झोपताना, एकदा तर स्मशानातसुद्धा त्यांना फोन यायचे. "साहेब, ती फाईल कुठं ठेवली?" आता फोन वाजायचा तो कर्ज घेता का विचारणाऱ्या मुलींचा. पप्पा त्यांच्याशीही बराच वेळ बोलायचे. त्यातल्या एकीने कंटाळून आपणच फोन ठेवला, तेव्हा पप्पांनी दिवाणाखालून पिशवी ओढली.

सुरुवात ऐकण्यापासून झाली. चांगला पुढारी आधी चांगला ऐकणारा असतो, असं पहिल्याच पुस्तकात होतं. समोरच्याने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं, म्हणजे त्याला आपली कदर झाली असं वाटतं.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गॅस संपत आला."

पप्पा दारात जाऊन उभे राहिले आणि तिच्या डोळ्यांत बघत म्हणाले, "म्हणजे तुला असं म्हणायचंय की गॅस संपत आलाय."

"मला असं म्हणायचंय की नंबर लावा."

"म्हणजे नंबर लावावा, अशी तुझी अपेक्षा आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. "ह्यांना बीपीची गोळी दिलीस का गं सकाळी?"

मग सोमवारच्या बैठका सुरू झाल्या. घर म्हणजे एक टीम आणि टीमला दिशा पाहिजे. मी तेव्हा नांदेडच्याच एका क्लासमध्ये डॉक्टर होऊ बघणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवायचे. आमच्या क्लासचे सरही सोमवारी आम्हाला उभं करून यशाच्या गोष्टी सांगायचे, त्यामुळे माझा सोमवार दोन्हीकडून गेला. घरच्या बैठकीत पप्पा, आई आणि मी, एवढेच. पप्पा उभे राहायचे, आम्ही दिवाणावर.

"पुढच्या पाच वर्षांत हे घर कुठं असेल?" पप्पांनी पहिल्या बैठकीत विचारलं.

"इथंच असंल, तरोड्याला," आई म्हणाली. "घर कुठं जातंय?"

"तसं नाही. तुझं स्वप्न काय?"

आई लसूण सोलत होती. तिने खरंच विचार केला. "मागच्या बाजूला फरशी बसवायची. पावसाळ्यात लई चिखल होतो."

पप्पा निराश झाले. स्वप्न मोठं पाहिजे, असं पुस्तकात होतं. फरशी त्यात बसत नव्हती.

हे आमच्यापुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. पण त्या पुस्तकांत असंही होतं की आपल्याला मिळालेलं ज्ञान वाटलं पाहिजे. मग घरी येणाऱ्या प्रत्येकाला पप्पा आधी पाणी, मग चहा आणि मग पुस्तक द्यायला लागले. डॉक्टरने तपासावं तसं विचारायचे, "तुझी मुख्य अडचण काय?" माझ्या मावसभावाला नोकरी नव्हती, त्याला विक्रीचं पुस्तक मिळालं. शेजारच्या काकांचं आणि त्यांच्या सुनेचं पटत नव्हतं, त्यांना हाताखालच्या माणसांचं मिळालं. ते त्यांनी घरी नेऊन टेबलावर ठेवलं, सुनेने बघितलं आणि त्यानंतर जेमतेम होती ती बोलचालही बंद झाली. हळूहळू लोक आमच्याकडे यायचे बंद झाले. आलेच तर पप्पा बाजारात गेलेत का, हे आधी आईला फोन करून विचारायचे.

मलाही एकदा राग अनावर झाला. मी म्हणाले, "पप्पा, हे सगळं भंकस आहे. टाय घातलेल्या माणसाला तरी कुणी नोकरीवर ठेवलंय का, त्यालाच माहीत. तुम्ही कशाला मनावर घेऊन राहिलात?"

पप्पा चिडले नाहीत. चष्मा काढून पुसत म्हणाले, "सारी नोकरी मला कुणी ना कुणी सांगत होतं. हे करा, ते करा, आज करा, आत्ता करा. लई वैताग यायचा. आता कुणीच काही सांगत नाही. हे पुस्तक तरी रोज काहीतरी करायला सांगतं."

त्यानंतर मी सोमवारी वेळेवर दिवाणावर जाऊन बसायला लागले.

एका रविवारी हदगावहून आत्या आली. पप्पांची धाकटी बहीण. अंगणवाडीत सेविका. तिच्या घरात दोन दीर, दोन जावा, त्यांची लेकरं आणि सगळ्यांची कामं आत्याकडे. कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं ऑपरेशन असो, कुणाच्या घरी पापड-कुरडया असोत, आत्या पिशवी घेऊन हजर. आमच्याकडेही कार्य म्हटलं की आत्या चार दिवस आधी येणार आणि सगळं उरकल्यावर भांडी पुसून जाणार, हे धरूनच चालायचे सगळे. पप्पांनी तिला समोर बसवलं.

"तुझी मुख्य अडचण मला माहीत आहे," ते म्हणाले. "तुला कुणालाच नाही म्हणता येत नाही."

"हाव," आत्या म्हणाली. "ते तर हाय."

पप्पांनी तिला नकार कसा द्यावा ह्याचं पुस्तक दिलं. तेच ते, तीन प्रती आलेलं. आत्याने ते पदराने पुसलं, पिशवीत साडीच्या घडीत ठेवलं आणि हदगावच्या गाडीला बसली. पप्पांना त्या दिवशी फार समाधान वाटलं. आपलं कुणीतरी ऐकलं, असं ते जेवताना दोनदा म्हणाले.

त्याच सुमाराला लातूरचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. त्याच्या वडिलांची ठिबक सिंचनाच्या नळ्यांची एजन्सी होती आणि त्याआधी त्यांनी कितीतरी वर्षं गावोगाव फिरून शेतीची औषधं विकली होती. मंडळी नांदेडला येऊन गेली. मुलगा आणि मी गच्चीवर बोललो. दोघंही दिवसभर ओरडून ओरडून शिकवणारे, त्यामुळे दोघांचेही आवाज बसलेले होते आणि बोलणं फार हळू आवाजात झालं. ते मला आवडलं. त्यालाही आवडलं असावं, कारण होकार आला. राहिली होती ती फक्त बैठक. मागणं-बिगणं दोन्हीकडून काही नव्हतं. लग्न नांदेडला व्हावं की लातूरला, एवढाच प्रश्न होता. पप्पांना नांदेडला हवं होतं, कारण त्यांची सगळी कचेरी नांदेडात. मुलाच्या वडिलांना लातूरला हवं होतं, कारण त्यांची सगळी गिऱ्हाइकं औसा-निलंग्याकडची.

पप्पांनी बैठकीसाठी वाटाघाटींचं पुस्तक बाहेर काढलं. लातूरला जाताना गाडीत पुढच्या सीटवर बसून ते वाचत होते. लोह्यापर्यंत ठीक होतं. अहमदपूरच्या पुढे त्यांना मळमळायला लागलं. आईने मागून लिंबू पुढे केलं. पप्पांनी एका हाताने लिंबू हुंगलं आणि दुसऱ्या हाताने पान उलटलं.

"ऐका," ते मागे वळून म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता. "मी एकदा आपली अट सांगणार. मग गप्प बसणार. तुम्हीही गप्प बसायचं. माणसाला शांतता सहन होत नाही. जो आधी बोलेल तो हरला."

"पाणी मागितलं तर चालंल का?" आईने विचारलं.

"खुणेने."

लातूरला औसा रोडच्या आतल्या बाजूला त्यांचं घर होतं. मुलाचे वडील फाटकापर्यंत पुढे आले. त्यांनी पप्पांचा हात हातात घेतला आणि दाबला. पप्पांनीही दाबला, कारण हात कसा मिळवावा ह्यावर त्यांनी एक अख्खं प्रकरण वाचलं होतं. दोघं हसत हसत एकमेकांचा हात दाबत फाटकात उभे राहिले. कुणीच सोडेना. शेवटी ड्रायव्हरला गाडी आत घ्यायची होती म्हणून त्याने हॉर्न वाजवला.

आत गेल्यावरही तसंच. दोघंही मधूनमधून उगाचच समोरच्याचं नाव घेऊन राहिले होते. दोघंही समोरच्याचं बोलणं परत म्हणून दाखवत होते.

"रस्ता लई खराब आहे हो."

"म्हणजे तुम्हाला रस्त्याचा त्रास झाला."

"म्हणजे आमच्या त्रासाची तुम्हाला जाणीव आहे."

माझं लक्ष शोकेसकडे गेलं. पितळेची बैलगाडी, कुठल्या तरी कंपनीची ढाल आणि त्यांच्यामध्ये, टाय घालून डोंगरावर हात पसरून उभा असलेला तो माणूस. एक नाही, ओळीने कितीतरी. गाडीत पप्पांच्या मांडीवर होतं ते पुस्तकही त्यात होतं. मी पप्पांना डोळ्याने खुणावलं. त्यांना वाटलं मी पाणी मागतेय. त्यांनी मला नजरेनेच दटावलं.

चुरमुऱ्यांचा सुशीला आला, वर शेंगदाणे आणि खोबरं पेरलेलं. पप्पांनी बशी हातात घेतली, घसा साफ केला आणि म्हणाले, "लग्न नांदेडला व्हावं, अशी आमची इच्छा आहे."

आणि गप्प बसले.

मुलाच्या वडिलांनी मान डोलावली, छानसं हसले आणि तेही गप्प बसले.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. सुशीला गार व्हायला लागला. पप्पा समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते, मुलाचे वडील आमच्या चपलांकडे. मुलाचे काका कोपऱ्यात बसले होते. साधा माणूस, पुस्तकं न वाचलेला. त्यांना हे असह्य झालं.

"तुमच्याकडं सोयाबीनचं कसं काय यंदा?" त्यांनी विचारलं.

पप्पांनी आणि मुलाच्या वडिलांनी एकदमच त्यांच्याकडे असं बघितलं, की काकांनी बशीत तोंड घातलं आणि पुन्हा वर काढलं नाही.

तेवढ्यात मुलाची आई चहा घेऊन बाहेर आली. ती दारातच थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली, "कुणाचा फोन आला का? कोण गेलं?"

कुणीच उत्तर देईना. तिने माझ्या आईकडे बघितलं. आईने पप्पांकडे बोट केलं, मग मुलाच्या वडिलांकडे बोट केलं, आणि कपाळाला हात लावला. त्या दोघींची ओळख खऱ्या अर्थाने तिथे झाली. मुलाच्या आईने ट्रे ठेवला आणि म्हणाली, "या तुम्ही आत. ह्यांचं असंच असतं. गेल्या साली फ्रीज घ्यायला गेलो तर दुकानात असेच बसले. दुकानदाराने शटर ओढायला घेतलं तरी बोलले नाहीत."

त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मुलगा आणि मी मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो.

"किती वेळ चालेल हे?" त्याने विचारलं.

"पप्पांनी त्या प्रकरणात पेन्सिलीने खुणा केल्यात."

"आमच्याकडे ते प्रकरण पाठ आहे."

आम्ही दोघं हसलो, पण हळू, आत ऐकू जाऊ नये म्हणून. मग तो म्हणाला, "मी लग्न झाल्यावर असा होणार नाही." मी म्हणाले, "लेखी देणार का?" तो म्हणाला, "बोलून सांगतो. आमच्या घरात बोलणंच महाग आहे." त्या क्षणी माझं मन पक्कं झालं, हे मी त्याला नंतर कितीतरी दिवसांनी सांगितलं.

आत दोघी आया कणिक मळता मळता बोलत होत्या. मुलाच्या आईचा भाऊ अहमदपूरला होता. त्याच्या ओळखीचं मंगल कार्यालय होतं. अहमदपूर दोन्हीकडून मध्ये पडतं. नांदेडच्यांनाही गाडी करावी लागणार, लातूरच्यांनाही. कुणाचंच घर जवळ नाही, म्हणून कुणालाच रुसायला जागा नाही. पुऱ्या तळून व्हायच्या आत स्थळ, खर्च निम्मा-निम्मा आणि आचारी, सगळं ठरलं.

दोघी बाहेर आल्या. दोन्ही बाप तसेच बसलेले. पप्पांच्या कपाळावर घाम होता. मुलाच्या वडिलांचा पाय हलत होता.

"अहमदपूरला ठरलं," माझी आई म्हणाली. "तारीख गुरुजींना विचारून कळवू. हात धुवा, पानं वाढलीत."

दोघांनीही एकदम श्वास सोडला. आणि दोघंही एकदमच म्हणाले, "मी काही बोललो नाही."

परत येताना पप्पा मागच्या सीटवर येऊन बसले होते. फार आनंदात होते. "बघितलंस?" ते मला म्हणाले. "लातूरवर अडून बसले होते. शब्द न बोलता अहमदपूरवर आणलं." लग्नानंतर मला कळलं, की आमची गाडी वळते न वळते तोच सासऱ्यांनीही घरात तेच सांगितलं होतं. फक्त त्यांच्या सांगण्यात लातूरच्या जागी नांदेड होतं.

लग्नाची तयारी म्हणजे पप्पांना खरीखुरी टीम मिळाली. कामं वाटून द्यायची, पण माणूस बघून द्यायची, असं एका पुस्तकात होतं. फराळ आणि रुखवत त्यांनी आत्याला दिलं. तिला अर्थातच विचारलं नव्हतं. फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, "तू आठवडाभर आधी ये. लाडू, करंज्या, चिवडा तुझ्याकडे."

पलीकडून आत्याचा आवाज आला. शांत, स्वच्छ.

"न्हाई."

पप्पांना वाटलं लाईन गेली. "हॅलो? काय म्हणालीस?"

"न्हाई म्हणले, दादा."

"न्हाई म्हणजे? तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बरी हाय. कारण सांगायचं नसतं. कारण सांगितलं की समोरचा त्यावर उपाय सांगतो. लग्नाला येणार मी. पाहुण्यावाणी येणार, खुर्चीवर बसणार आणि वाढलेलं जेवणार."

पप्पांनी फोन ठेवला. आई हसत हसत खाली बसली, मग तिला ठसका लागला, मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "त्या पुस्तकाच्या अजून दोन हायत ना घरात? एक मला काढून द्या."

पप्पांनी ते दिलं नाही. पण पुढचा आठवडा त्यांनी स्वतः बेसन भाजलं. आई स्टुलावर बसून सांगायची, ते हलवायचे. कोपरापर्यंत तूप, भुवयांवर बेसन. "पुढाऱ्याने स्वतः आघाडीवर राहायचं असतं," ते म्हणाले. "मग हात नका थांबवू," आई म्हणाली, "खाली लागंल." लाडू वेगवेगळ्या आकारांचे झाले, पण कुणी नाव ठेवलं नाही.

आत्या अहमदपूरला ऐन मुहूर्तावर आली. मोरपंखी साडी, केसात गजरा. पहिल्या रांगेत बसली. दोनदा कुणीतरी तिला हाक मारली, "अक्का, जरा वाढायला या ना." तिने हसून मान हलवली. मी निघताना तिने मला जवळ घेतलं आणि खूप रडली. रडता रडता तिचं लक्ष उष्ट्या पत्रावळींकडे गेलं, हात थोडा पुढे झाला, मग तिने तो मागे घेतला आणि माझ्या गालावरून फिरवला.

लातूरला आल्यावर मला वाटलं होतं, आता दोन्ही घरं ह्या पुस्तकांच्या तावडीतून सुटली. पण सासऱ्यांनी लग्नात पप्पांना भेट म्हणून पहाटे उठण्यावरचं एक नवीन पुस्तक दिलं होतं. जगातली सगळी मोठी माणसं कोंबड्याच्या आधी उठतात, असं त्यात होतं. त्यावरून दोघांचं ठरलं, की पहाटे एकमेकांना फोन करून उठवायचं. तेव्हापासून रोज अंधारातच आमच्या हॉलमध्ये सासऱ्यांचा आवाज घुमायचा. "उठलात ना पाहुणे? मीही उठलो. आजचं ध्येय काय?" पलीकडून पप्पा काय सांगायचे ते ऐकू यायचं नाही. नवऱ्याने पांघरूण डोक्यावर घेतलं की मी विचारायचे, "लेखी घ्यायला पाहिजे होतं ना?"

ध्येय काय असायचं, हे सासूबाईंनी मला सांगितलं. पप्पा भाजी आणायचे आणि बँकेत पासबुक भरून घ्यायचे. सासरे गोदामात जाऊन नोकरांच्या आधी कुलूप उघडायचे आणि मग त्यांची वाट बघत पोत्यांवर पेंगत बसायचे. दोघंही दुपारी जेवताना घास हातात धरून डुलक्या घ्यायचे. पण एकमेकांना सांगताना दोघांचंही भारी चाललं होतं.

मग एका पहाटे सासऱ्यांनी फोन लावला आणि पलीकडून कुणी उचलला नाही. त्यांनी परत लावला. परत. मग ते आमच्या दारावर आले. बनियनवर, हातात मोबाइल, आवाज बदललेला.

"सूनबाई, तुमचे पप्पा फोन उचलेनात. असं कधी झालं नाही. तुम्ही बघा बरं."

मी उठून माझा फोन शोधला. मी आईला लावला. तिने लगेच उचलला.

"झोपलेत," आई हळू आवाजात म्हणाली. "रात्री मीच त्यांचा फोन आवाज बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला. पोरी, काय घोरून राहिलेत म्हणून सांगू, हे ऐक. कचेरीत असताना रविवारी झोपायचे तसे. उठवू नका म्हणावं पाहुण्यांना."

मी सासऱ्यांना सांगितलं. पप्पांवर नाराज व्हावं की काय करावं, त्यांना कळेना असं दिसलं. मग त्यांनी बाहेरच्या अंधाराकडे बघितलं, एक लांबलचक जांभई दिली आणि विचारलं, "म्हणजे ते अजून झोपलेत?"

"हो."

"नक्की?"

"आईने घोरणं ऐकवलं मला."

"मग मी एकटाच कशाला," ते म्हणाले, आणि हॉलच्या दिवाणावर उशी ओढून आडवे झाले. मी पंखा लावून दिला. सासूबाई उजाडल्यावर उठून बाहेर आल्या, त्यांच्याकडे बघितलं, आणि बोटाने मला गप्प राहायची खूण करून चहा आम्हा दोघींपुरताच टाकला.